जैनाआत्याची चढण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्या पणज्याचा पणजा रांगत असेल तेव्हाची. खडकवाण गावात जैनाबी नावाची म्हातारी राहायची. घराणं नालबंदांचं, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांचं. सगळं गाव तिला जैनाआत्या म्हणायचं. घोड्याच्या कुशीला कान लावला की आत काय चाललंय ते तिला कळायचं, असं म्हणतात. काय ऐकू येतं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तू लाव की कान! मला काय विचारतोस?"

गावात देवीची घोडी होती, हरणी. दसऱ्याला देवीचं निशाण तिच्या पाठीवरून शिवेवर जायचं. त्या साली हरणीचा खूर पिकला आणि सारा पावसाळा ती दावणीला उभी राहिली. जैनाआत्यानं शेकून, लेप लावून खूर बरा केला. दसऱ्याला हरणी निघाली खरी, पण शिवेच्या चढणीवर तिला धाप लागली. नाकपुड्या फुलल्या, कुशी भात्यासारख्या हलू लागल्या. लोक चरकले. देवीचं जनावर धापा टाकतंय, अपशकुनच की हो!

भुजंगराव पाटील बैलगाडीतून आले होते. गुडघा धरला म्हणून तेही पावसाळाभर ओट्यावरच बसून होते. ते गाडीतूनच ओरडले, "शिवेपलीकडे हाकला तिला. परत गावात आणायची नाही."

पलीकडे नुसतं रान, आणि रानात लांडगे. जैनाआत्यानं धावत जाऊन हरणीच्या कुशीला कान लावला. बराच वेळ ऐकलं आणि म्हातारी चक्क हसली.

"पाटील, धाप लागली ते काय बघताय? ओसरते कशी ते बघा. नाहीतर असं करा, खाली उतरा आणि तुम्हीच एवढी चढण चढून दाखवा."

पाटील पडले हट्टी. मिशीला पीळ देऊन हरणीच्या बरोबरीनं निघाले. वर पोचले ते तिच्यासारख्याच धापा टाकत. जैनाआत्यानं एक हात हरणीच्या कुशीवर ठेवला, दुसरा पाटलांच्या पाठीवर. ढोल थांबले. सारं गाव कान देऊन उभं राहिलं. वारासुद्धा ऐकायला थांबला, आपट्याचं पान हलेना, असं म्हणतात. हळूहळू हरणीचा श्वास खाली बसला. तिनं नाक फुरफुरवलं आणि गवताला तोंड लावलं. पाटील मात्र अजून धापाच टाकत होते.

"आता सांगा," जैनाआत्या म्हणाली, "शिवेपलीकडे कुणाला हाकलायचं?"

पाटलांनाच आधी हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा धाप लागली. शेवटी त्यांनी हरणीच्याच मानेवर डोकं टेकलं.

अजूनही दसऱ्याला मिरवणूक त्या चढणीवर थांबते. पाटलांच्या घरचं माणूस पायी चढतं, घोड्याच्या कुशीवर हात ठेवतं, आणि श्वास खाली बसल्यावरच सोनं लुटतात. पोरं कुशीला कान लावून बघतात. काय ऐकू आलं, ते कुणी कुणाला सांगत नाही.

आणि आजारातून उठलेलं माणूस वाटेत धापा टाकत थांबलं, तर खडकवाणात त्याला कुणी "चल, चल" म्हणत नाही. शेजारी थांबतात, पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "दमानं घे. आत्याची चढण आहे ही."