ढोलीतला निरोप

माणसाने अजून मनोरे उभारले नव्हते आणि जंगलातले निरोप पाखरांच्या चोचीतून जात, त्या काळची ही गोष्ट. एका धनेशिणीने आपल्या रिवाजाप्रमाणे पिल्लांसाठी स्वतःला ढोलीत चिखलाने लिंपून घेतलं होतं. चोचीपुरती फट तेवढी ठेवली होती. तिच्यातून नवरा उंबरं भरवायचा. पण दोन दिवस तो फिरकलाच नव्हता आणि पिल्लं भुकेने गप्प पडली होती.

तिने कावळ्यांची निरोपसेवा घेतली होती, कारण ‘अख्खं जंगल आमच्या टप्प्यात’ असं ते रोज ओरडत.

“कावळेदादा, ह्यांना सांगा, पिल्लं उपाशी आहेत,” ती फटीतून म्हणाली.

“आवाज तुटतोय, वहिनी. जरा बाहेर येऊन बोला.”

“बाहेर? पिल्लं मोठी होईपर्यंत मी बाहेर येत नसते!”

“मग दोष तुमच्या घराचा आहे,” म्हणत कावळा उडाला.

तिने रागाने साळुंक्यांची सेवा धरली. साळुंकी फार गोड बोलली. “ताई, आमचं सगळं नवंकोरं आहे. फक्त तेवढं बाहेर येऊन बोला.”

धनेशिणीचं डोकं फिरलं. तिने आपली दांडगी चोच पोकळ खोडावर दाणदाण आपटली. खोड ढोलासारखं घुमलं. ओढ्यापलीकडे उंबरांवर ताव मारत बसलेला नवरा दचकला आणि चोच भरून तडक घरी आला.

दुसऱ्या दिवशी कावळा आणि साळुंकी दोघंही फटीपाशी हजर. “आमची सेवा कशी वाटली?”

“नीट ऐकू येत नाही हो,” धनेशीण चोच सरसावत म्हणाली. “जरा आत येऊन बोला.”