ठकूची वाळू

नदीच्या वळणावर ती काळी वाळू दिसतेय ना, पाहुणे, तिथं चपला काढून जा. वर-खाली सगळं पात्र पांढरट, आणि मधेच हा अंगणाएवढा काळा पट्टा. हात लावून बघा, ऊन उतरलं तरी कोमट लागेल. शाळेचे मास्तर लोहचुंबक फिरवून दाखवतात, कण पटापट चिकटतात. लोखंडाचा अंश म्हणून काळी, काळी म्हणून तापते, जड म्हणून पुराचं पाणी वळणावर मंदावलं की तिथंच बसते. मास्तर खोटं सांगत नाहीत. पण गाव हिला ठकूची वाळू म्हणतं, आणि या गोष्टीत मान खाली गेली ती आमच्या घराण्याची, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

ठकू भडभुंजीण फार मागं होऊन गेली, असं सांगतात. नदीची वाळू ती तीन चाळण्यांतून काढायची. धूळ उडवायची, खडे फेकायची, मधली तेवढी ठेवायची. अशा तापल्या वाळूत दाण्याला चहूबाजूंनी सारखी आच लागते, तो करपत नाही, फुलतो. भट्टीवर तापून तापून तिची वाळू काळीभोर झाली होती. तिच्या लाह्यांशिवाय गावाची नागपंचमी होत नसे.

मग म्हणे लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला. गुरं मेली, माणसं मुलूख सोडून गेली. ठकूचा नवरा कामाच्या शोधात गेला तो परतलाच नाही. गावात उरला तो जोंधळ्याच्या बियाण्याचा एक रांजण. कोरड्या वाळूत मिसळून ठेवलेल्या बियाण्याला किडा लागत नाही, आणि कोरडी वाळू ठकूइतकी कुणाकडं असणार? बियाणं मापट्यानं मोजून रांजण तिच्या घरी ठेवायचं ठरलं. तेव्हा ठकूनं मुठीत वाळू घेऊन पाटलासमोर शपथ वाहिली, "भाजलेलं बी उगवत न्हाई, हे माझ्याइतकं कुणाला ठावं? एका दाण्याला हात लावनार न्हाई." तो पाटील आमचा पूर्वज.

तिला पाच वर्षांची लेक होती, भागी. झाडपाला खाऊन पोरीच्या पोटात कळा यायला लागल्या. रांजण हाताच्या अंतरावर होता, पण ठकूनं शपथ मोडली नाही. मोडायला हवी होती, असं मला या वयात वाटतं. एका दुपारी तिनं कित्येक महिने विझलेली भट्टी पेटवली आणि कढईत वाळू तापायला टाकली. फडक्यात बांधून लेकीचं पोट शेकायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

धूर सगळ्या गावानं पाहिला. रिकाम्या पोटाला वाईट तेवढंच सुचतं. ठकू बियाणं भाजतेय, अशी हाकाटी झाली आणि पाटील दहा-बारा माणसं घेऊन घरात घुसला. "पाटील, लेकीला शेक द्यायचाय वो! नुसती वाळू हाय!" ती ओरडत राहिली. त्यांनी भट्टीवर पाणी ओतलं आणि तिचीच चाळणी घेऊन कढईतली वाळू चाळली. चाळणीत एक दाणा आला नाही. तिथं तरी थांबावं की नाही? पण पाटील म्हणाला, "कढईत न्हाई तर पोटात असंल. मोजा." रांजण उपसला, वाळू चाळून जोंधळा वेगळा केला, मापट्यानं मोजला. भागी कोपऱ्यात पोट धरून कण्हत होती, मग गप्प झाली. चूक राहायला नको म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा माप पुरं भरलं. तोवर पोर गार पडली होती.

पाटलानं म्हणे ओंजळभर जोंधळा ठकूपुढं धरला. ती एवढंच म्हणाली, "ते पेरायचं हाय. ठेवा जाग्यावर."

लेकीला या वळणावर पुरलं. मग ठकूनं पुन्हा भट्टी पेटवली, आणि या खेपेला अडवायची कुणाची छाती झाली नाही. होती नव्हती ती सगळी वाळू तिनं तापवली, दिवस मावळेपर्यंत घमेल्यानं वाहिली आणि लेकीवर पसरली, तिला थंडी वाजू नये म्हणून. त्यानंतर ती नदीकाठानं वर निघून गेली, ती कुणाला दिसली नाही. पुढं पाऊस झाला, बियाणं पेरलं, आणि म्हणे एक दाणा वाया गेला नाही. त्याच जोंधळ्यावर आमच्या पिढ्या वाढल्या.

आजही या गावात भट्टी पेटत नाही. नागपंचमीच्या लाह्या बाजारातून येतात. लेकरांचं पोट दुखलं की इथली ओंजळभर वाळू नेतात आणि शेकून झालं की परत आणून टाकतात. सगळी नदी ओरबाडणारे वाळूचे ट्रॅक्टरही इथं वळसा घालतात. आणि कुणाच्या घरातून अवेळी धूर दिसला, तर आमच्या घरातल्या थोरल्यानं मूठभर जोंधळा घेऊन जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि एकच विचारायचं, "लेकरू बरं हाय ना?" चाळीस वर्षं मी ते विचारत आलो. आता घरोघरी गॅस आहे, धूर दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी इथं येतो, वाळूवर हात ठेवतो आणि इथंच विचारतो.