नकुशी आणि नावांची वेल

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला बांबूच्या कुडाची एक झोपडी होती. तिथे राहणारा बुरूड दिवसभर सुपं आणि टोपल्या विणायचा, तेव्हा कुठे घरात चूल पेटायची. त्याला आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव नकुशी.

नकुशी म्हणजे नको असलेली. ती जन्मली तेव्हा घरात सगळ्यांना मुलगा हवा होता. बाबांच्या थोरल्या बहिणीने, ठकूआत्याने, बारशाच्या दिवशी पाळण्याशी वाकून नाक मुरडत हेच नाव तिच्या कानात सांगितलं, आणि ते तिला कायमचं चिकटलं. शाळेत हजेरीला तिचं नाव आलं की मुलं फिदीफिदी हसायची. 'हजर' म्हणता म्हणता नकुशीची मान खाली जायची.

तरी पोर मोठी गुणाची. ती बाबांना बांबूच्या पातळ कांबी सोलून द्यायची, आईला पाणी आणून द्यायची आणि दारातल्या चिमण्यांना आपल्या भाकरीतला तुकडा घालायची.

पुढे त्या घरात आणखी एक बाळ आलं. मुलगीच! ओंजळीत मावेल एवढीशी, गुलाबी तळव्यांची. पण ती फार अशक्त होती. नीट दूध प्यायची नाही, रडली तरी मांजराच्या पिल्लासारखी बारीक 'म्यँ' करायची.

बाराव्या दिवशी सकाळी आत्या आली. पाळण्यात डोकावून म्हणाली, "पुन्हा मुलगीच! हिचं नाव मी 'पुरे' ठेवणार. पोरी पुरे झाल्या म्हणावं!"

बाबा मान खाली घालून टोपली विणत राहिले. आईने पदर डोळ्यांना लावला.

"नकुशे, अशी बघत काय उभी राहिलीस?" आत्या म्हणाली. "जा, रानातून पाळण्याला फुलं घेऊन ये. विकत आणायला कुठं परवडतंय!"

नकुशी परडी घेऊन निघाली. चालता चालता ती रानात इतकी आत गेली, की तिथे पाऊलवाटही उरली नाही. आणि अचानक समोर एक बाग उघडली! दवाने चमचमणारी हिरवळ, सोनेरी पंखांची फुलपाखरं, खळखळ हसणारा चांदीसारखा ओढा. बागेच्या मधोमध एक वेल मातीवर कोसळून पडली होती. तिच्यावर निळ्या, केशरी, मोतिया रंगांच्या शेकडो नाजूक कळ्या होत्या, आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"अगं बाई, तुला आधार नाही का कुणाचा?" नकुशी म्हणाली. तिने परडी बाजूला ठेवली. जवळच्या बांबूच्या बेटातल्या वाळक्या काटक्या गोळा केल्या, बाबांसारखी उभी-आडवी वीण घातली आणि सुरेख मांडव केला. एकही कळी न दुखवता तिने वेल अलगद वर चढवली. दुपार झाली, बोटांना ओरखडे आले, तेव्हा कुठे काम पुरं झालं.

तशा साऱ्या कळ्या टप्‌टप्‌ उमलल्या! त्यांच्यातून मोरपिशी पंखांची एक नाजूकशी परी खाली उतरली.

"बाळ, तू माझी नावांची वेल वाचवलीस," परी म्हणाली. "जगात जिथं जिथं बाळ जन्मतं, तिथल्या भाषेतलं एक फूल इथं उमलतं. फूल कानाला लावलं की ते आपलं नाव सांगतं. तू एक फूल ने. मात्र तीनच फुलं ऐकायची आणि एकच न्यायचं. नावासोबत अर्थही न्यायचा बरं का, अर्थ विसरलीस तर फूल वाटेतच सुकेल."

नकुशीने एक मोतिया फूल कानाला लावलं. ते कुजबुजलं, "मी हाना. जपानमध्ये हाना म्हणजे फूल."

नकुशीला खुदकन हसू आलं. "आमच्याकडे मुलं म्हणतील, हाणा, हाणा हिला!"

परीसुद्धा पोट धरून हसली. "खरंच की! प्रत्येक गावाचा कान वेगळा."

दुसरं फूल केशरी होतं. "मी आमांदा. दूरदेशीच्या लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतली. माझा अर्थ, जिच्यावर प्रेम करावंच अशी."

नकुशीला ते फूल कानापासून दूर नेववेना. प्रेम करावंच अशी!

"हे तू स्वतःसाठीही नेऊ शकतेस," परी हळूच म्हणाली.

नकुशीने तिसरं फूल उचललं. ते इवलंसं, निळंशार होतं. "मी आशा. समुद्रापल्याड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली बोलतात, तिथं मला जीवन म्हणतात."

"आशा? आमच्याकडेही आशा आहे! पण आमची आशा म्हणजे..." नकुशी थांबली. "म्हणजे, आता चांगलं होईल असं वाटणं."

तिने दोन्ही फुलांकडे पाहिलं. मग केशरी फूल गालाला लावलं आणि वेलीपाशी परत ठेवलं.

"रडू येतंय का?" परीने विचारलं.

"थोडंसं. पण बाळ खूपच लहान आहे. तिला जीवन हवं. मी काय, आता मोठी झाले."

दिवस मावळायच्या आत ती घरी पोहोचली. परडी काठोकाठ भरली होती रानफुलांनी, आणि मुठीत होतं निळं फूल. बायका जमल्या होत्या. आत्या पाळण्याशी वाकणार, एवढ्यात नकुशीने तिचा हात धरला.

"आत्या, 'पुरे' नको गं ठेवूस. तसलं नाव रोज दुखतं. मला माहीत आहे ना."

आत्या तशीच मागे सरली. या पोरीच्या कानात तिनेच तर तसलं नाव सांगितलं होतं.

"मग काय ठेवू, तू सांग," ती शेवटी पुटपुटली.

"आशा. तिकडे जीवन आणि आपल्याकडे आशा."

आत्याने बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. त्याच क्षणी निळं फूल ज्योतीसारखं उजळलं. बाळाने मुठी आवळल्या आणि असा खणखणीत टाहो फोडला, की आईने हसत हसत तिला छातीशी घेतलं. बाळ चुटुचुटु दूध पिऊ लागलं.

आत्याने नकुशीला मांडीवर ओढलं. एवढी मोठी मुलगी, पाय जमिनीला टेकत होते! "माझं चुकलं गं," आत्या म्हणाली. "तुझ्या पणजीचं नाव होतं आवडी. सगळ्यांची लाडकी होती ती. आजपासून तूही आवडी." आणि तिने तिच्याही कानात 'कुर्रर्र' केलं.

आढ्यापाशी मोरपिशी पंख लुकलुकले. परीने आवडीकडे पाहून मान डोलावली. मग सोनेरी उजेडाची एक लाट घरभर पसरली आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली, "आवडे! ए आवडे!"

आवडी कुडामागेच उभी होती. पण ती मुद्दामच ओ देईना. तिला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती.