भरल्या पोटाचा पाहुणा

एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांकडे एकदा त्यांचा जुना शिष्य आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "साहेब, माझी दीक्षा थांबवा."

शिष्याचे नाव शांतवन. नाताळ सरला की नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी त्याला पाळकपदाची दीक्षा मिळायची होती. पत्रिका छापून झाल्या होत्या, झगा शिवून आला होता, चर्चच्या मंडळीने मंडपवालाही ठरवला होता. उपदेशक म्हणून त्याचे नाव पंचक्रोशीत झाले होते. सकाळी उठल्याबरोबर तो फोनवरून साऱ्या गटांना बायबलमधले वचन पाठवी, दुपारी प्रार्थनासभा घेई, संध्याकाळी उपवास-प्रार्थना चालवी. त्या उपवासाच्या शेवटीही पुलाव असे, आणि पुलावाचा वास सुटला की प्रार्थना आपोआप आखूड होई.

"का थांबवू?" म्हाताऱ्यांनी विचारले.

"मला देवाची भूकच उरली नाही, साहेब. गुडघे टेकतो, डोळे मिटतो आणि आमेनची वाट बघतो. लोक माझा उपदेश ऐकून रडतात. मी तेव्हा माईकची खरखर ऐकत असतो. असा माणूस वेदीपाशी उभा राहिला तर ते पाप आहे."

तो समजुतीच्या शब्दाची वाट पाहत होता. म्हाताऱ्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "नाताळच्या गाठीभेटी राहिल्यात. चल माझ्याबरोबर. पायीच जाऊ."

ख्रिस्ती वस्तीत दारोदारी कागदाचे तारे टांगलेले होते. पहिले घर मंडळीच्या सेक्रेटरींचे. त्यांच्या पत्नीने ताटलीत केक, करंज्या, शंकरपाळे असे शिगोशीग आणून ठेवले. "उपदेशकसाहेब, संपवल्याशिवाय उठायचं नाही. दीक्षा झाल्यावर तुम्ही काय आमच्या हाताला लागताय!"

"घे रे शांतवन," म्हातारे म्हणाले. "बाईंनी प्रेमानं केलंय."

त्यांनी स्वतः मात्र आपल्या ताटलीतले सगळे कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. "मी घरी नेतो. दात उरलेत कुठं?"

"दात गेले, पण साहेबांची पिशवी अजून धडधाकट आहे!" सेक्रेटरी म्हणाले आणि सगळे हसले.

दुसऱ्या घरी चिवडा आणि चहा. तिसऱ्या घरी अनारसे. पुढच्या घरी पुन्हा केक, तोही ताजा, साजूक तुपातला. प्रत्येक घरी म्हातारे तेच सांगत, "घे, त्यांचं मन मोडू नकोस," आणि प्रत्येक घरी त्यांचा वाटा पिशवीत जाई. प्रत्येक घरी प्रार्थनाही झाली. शांतवनने ती केली, चांगली केली, आणि आमेन म्हणताना त्याला ढेकर आली. तो मनातून चिडला होता. आपण आत्म्याचे दुखणे घेऊन आलो आणि हा माणूस आपल्याला करंज्या चारत फिरवतो आहे! म्हातारपणी माणसाला ऐकू कमी येते, तसे समजतही कमी असावे.

ऊन उतरले तेव्हा वस्ती संपली. "आता एकच घर," म्हातारे म्हणाले आणि ओढ्याच्या दिशेने वळले.

ओढ्यापलीकडे साळूबाईचे घर होते. तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता. मयताला मंडळी आली होती, त्यानंतर ओढा ओलांडून कुणी आले नव्हते. तिच्या दारावर तारा नव्हता, पण अंगण ताजे सारवलेले होते.

"सलाम, साहेब," ती म्हणाली. "निरोप मिळाला होता, तरी वाटलं, यंदाही वरच्या वर जाल."

"सलाम, बाई. हा शांतवन. आमचा नवा पाळक."

"माहीत आहे की. म्हणून तर कोंबडा कापला." ती हसली. "एकच राहिला होता. ह्यांनी पाळलेला. म्हटलं, ह्यांच्या माघारी पहिला नाताळ, देवाची माणसं यायचीत, त्यांच्यासाठी नाही तर कुणासाठी ठेवायचा?"

तिने दोन पाट मांडले. बाजरीच्या गरम भाकरी, कोंबड्याचे कालवण, भात. स्वतः समोर बसली, हात मांडीवर ठेवून, खाणाऱ्यांकडे बघत.

म्हाताऱ्यांनी सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. ते भाकरी मोडत, कालवणात भिजवत, बोटे चाटत जेवत राहिले. शांतवनने पहिला घास तोंडात घातला. चव उत्तम होती, हे त्याला कळले. घास मात्र खाली उतरेना. त्याने दुसरा रेटला. तिसऱ्याला पोट वर आले आणि तो तोंड दाबून बाहेर धावला. कुंपणापाशी सगळे पडले. केक, करंज्या, चहा, आणि शेवटी तिचे दोन घास.

वळून पाहिले तर ती मागे तांब्या घेऊन उभी होती.

"मीठ जास्त झालं का, साहेब?"

"नाही, बाई. तसं नाही."

"मग तिखट? मी हात आखडूनच टाकलं होतं."

त्याने बाहीने तोंड पुसले. "गरिबाघरचं लागत नसेल," असे ती हळूच म्हणाली, तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

म्हातारे हात धुऊन बाहेर आले तसा शांतवन त्यांच्यासमोर उभा ठाकला. "तुम्हाला ठाऊक होतं! इथं जेवण आहे हे तुम्हाला सकाळपासून ठाऊक होतं!"

"होतं."

"आणि तरी मला चारत राहिलात! एका विधवेचं मन मोडून मला धडा शिकवलात? लाज नाही वाटली?"

"वाटते," म्हातारे म्हणाले. "तिची माफी मी मागेन. ते माझ्यावर सोड. पण तू भुकेचं विचारलंस, म्हणून सांगतो. आज तुला कुणी विष दिलं नाही. सगळं चांगलं होतं, सणाचं होतं, प्रभूचं नाव घेऊन दिलेलं होतं. त्यानंच तू भरलास. तुझी वचनं, तुझी गाणी, तुझ्या सभा, तुझे उपास, सगळं त्याच्याच नावाचं आणि त्याच्या घरी पोचायच्या आधीच खाल्लेलं. भुकेला आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिवडा घालतो, शांतवन, आणि मग ती मेली म्हणून रडतो. आणि देवाचं काय? त्यानं आपल्याजवळचा एकच होता तो पुत्र दिला. आपण बसतो, दोन घास चिवडतो, उठतो. तो दारात उभा राहून विचारतोय, मीठ जास्त झालं का?"

शांतवनचे डोळे भरून आले. "मग मी काय करू? उपास धरू?"

"त्याचाही तू कार्यक्रम करशील."

"भूक परत येईल का, साहेब?"

"माहीत नाही. माझं सगळं आयुष्य या मंडळीत गेलं. परत आलेली फार थोड्यांची पाहिली. बाकीच्यांना ती गेल्याचंही कळलं नाही. तुला आत्ता रडू येतंय, एवढंच तुझ्यापाशी आहे. ते जप. त्याची सभेत कुठं साक्ष देऊ नकोस."

"आणि दीक्षा?"

"मी थांबवणार नाही. भरल्या पोटाचे पाळक या मंडळीला नवे नाहीत. थांबायचं असेल तर तूच थांब."

शांतवन आत गेला. आपले ताट झाकून ठेवा, मी ते खाईन, असे त्याला सांगायचे होते. पण मागच्या दारात कुत्रे मान खाली घालून हाडे फोडत होते आणि साळूबाई रिकामे ताट घासत बसली होती.

"बाई, मी उद्या येऊ? जेवायला?"

तिने वर पाहिले नाही. "या की. भाकरी आणि कोरड्यास असेल. कोंबडा आता नाही." राखेने ताट पुन्हा एकदा घासून ती म्हणाली, "पण येताना कुठं खाऊन येऊ नका, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवनने कुणालाही वचन पाठवले नाही. ते का आले नाही, असे कुणीही विचारले नाही. तेव्हा त्याला कळले, की पोट भरलेला तो एकटाच नव्हता.

मग त्याने सेक्रेटरींना फोन करून सांगितले, की पहिल्या रविवारी दीक्षा नको, मी तयार नाही.

"अहो, मग मंडपवाल्याला काय सांगू?" सेक्रेटरी म्हणाले. दुसरे काही त्यांनी विचारले नाही.

दुपारी तो वस्तीतून निघाला. दारादारातून हाका आल्या, "उपदेशकसाहेब, चहा तरी घ्या!" तो हात जोडून "आज नको" म्हणत पुढे गेला. मनात प्रार्थना नव्हती, गाणे नव्हते, काहीच नव्हते. पोटातही सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हते.

ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुसरे कुणीही नव्हते.