अर्धं अस्वल

झाडं अजून पायी फिरायची त्या काळी, ओढ्याकाठी खेकड्याने केशकर्तनालय काढलं. गिऱ्हाईक फिरकेना. मोराने नाचून जाहिरात केली. रानाने मोराचंच कौतुक केलं, आणि फी म्हणून मोराने दुकानातला एकुलता एक आरसा नेला.

मग अस्वल आलं. खेकड्याने त्याची डावी बाजू देखणी कापली आणि नांगी मिटली.

"उरलेलं उद्या, काका."

"अरे, असाच फिरू?"

"फिरा की!"

अस्वल चिडून दारोदार फिरलं. "बघा, ओढ्यावरच्या त्या खेकड्याने इतकं झकास कापलं आणि अर्ध्यावर सोडलं!"

सकाळी ओढ्यावर ही रांग! सगळ्यांना अस्वलाची डावी बाजू हवी होती. सगळ्यात मागे मोर उभा होता, पंखाखाली आरसा घेऊन.