रिकामा दांडा

“पण किती दिवसांत, वस्ताद?”

जोतीरामनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल वस्ताद तालमीच्या हौदातली तांबडी माती खोऱ्यानं वरखाली करत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय. अंगात बंडी, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर. त्यांनी हात थांबवला नाही.

“कशाला किती दिवसांत?”

“होतो तसा व्हायला.”

“कसा होतास?”

जोतीरामनं भिंतीकडं बोट केलं.

भिंतीवर ऑइलपेंटनं नावं रंगवली होती. नागपंचमीला ज्यांनी थोरली नाल खांद्यावर घेतली, त्यांची ही नावं. नाल म्हणजे मधोमध मूठ कोरलेला गोल दगड. थोरली ऐंशी किलोची. वरून चौथं नाव जोतीरामचं होतं. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती.

ही बावीस वर्षं तो एसटीच्या डेपोत आरक्षणाच्या खिडकीमागं बसून होता. बसून बसून माणसाचं जे होतं, तेच त्याचं झालं होतं. त्याला मात्र ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, त्यानं ऐकलं नसेल.

“तो कोपऱ्यातला दांडा घे,” वस्ताद म्हणाले.

कोपऱ्यात एक लोखंडी दांडा उभा होता. टोकांना चकत्या नाहीत, काही नाही. नुसता दांडा. दहा-बारा वर्षांची पोरं तालमीत पहिल्यांदा येतात, तेव्हा त्यांच्या हातात देतात तो.

“ह्यो?”

“ह्योच.”

“वस्ताद, माझं नाव भिंतीवर हाय.”

“मग भिंतीला सांग उचलायला.”

जोतीरामला राग आला. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि दांड्याकडं न बघता सरळ थोरल्या नालेपाशी गेला. शिळ्या कढीला ऊत आला म्हणतात, तो असा.

वस्तादांनी अडवलं नाही. ते माती उकरत राहिले.

जोतीरामनं तळहाताला माती चोळली. पाय फाकले. मूठ धरली. नाल हलली, जमिनीवरून सुटली आणि गुडघ्यापर्यंत आली.

तिथंच कमरेत काहीतरी कचकलं.

नाल धाडकन खाली आली. जोतीराम तिच्या शेजारी बसला. एक हात कमरेवर, एक हात मातीत. 

वस्ताद हसले नाहीत. हळहळलेही नाहीत. त्यांनी रांजणातून तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. जोतीरामनं तो एका दमात रिकामा केला.

“आता बोल. एवढी घाई कशाची?”

जोतीराम म्हणाला, “आबांना उचलायचंय.”

“काय झालं बापाला?”

“श्रावणात लकवा मारला. उजवी बाजू गेली. खाटंवरनं मोरीपर्यंत, मोरीतनं परत खाटंवर. रोज चार-पाच डाव उचलावं लागतं. मी अन् बायको मिळून कसंबसं करतोय.”

“मग?”

“परवा बायको माहेरी गेलती. मी एकलाच व्हतो. आबा मोरीत घसरलं. उठवाय गेलो, तर मला उचलवंनात. दोनदा उचललं, दोनदा माझ्या हातनं सुटलं. शेवटी शेजारच्या दोघांना हाक मारली. त्यांनी उचललं, खाटंवर ठेवलं, अंग बी पुसलं...”



“अन् तू?”

“मी टावेल धरून उभा.”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली आणि आत न येता निघून गेलं.

“लाज वाटली, वस्ताद. ऐंशी किलोचा धोंडा खांद्यावर घेतलेला माणूस मी. अन् आपला बाप उचलवंना.”

“लई जड हाय का बाप?”

“छ्या. हाडं राहिल्यात नुसती. पन्नास-पंचावन्न भरतील.”

“बोलता येतंय त्याला?”

“येतंय. जरा अडखळत बोलतात, पण कळतंय सगळं. उचलताना तेवढं गप असतात. डोळं मिटून घेतात.”

“का?”

“दुखत असंल.”

“विचारलंस?”

“...न्हाई.”

वस्तादांनी मातीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग दुसरा.

“खातोय-पितोय नीट?”

“खातात थोडं. पाणी मात्र सोडल्यात जमा हाय. सकाळी दोन घोट, की दिवसभर न्हाई. डॉक्टर माझ्यावर वरडतोय, पाणी पाजा म्हणून. पुढ्यात तांब्या धरला की मान फिरवतात. तहानच न्हाई म्हणतात.”

वस्तादांचं खोरं थांबलं.

“तहान न्हाई म्हणतोय... का मोरीत नेऊ नको म्हणतोय?”

“तसं न्हाई. लकव्यात तहान मरत असंल.”

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. मग रिकाम्या तांब्याकडं पाहिलं. खोरं भिंतीला टेकवून ते हौदाच्या कठड्यावर बसले.  

जोतीराम कमरेवर हात दाबत उठला. कोपऱ्यात गेला आणि दांडा हातात घेतला. हातात घेतल्यावर त्याला तो वाटला होता तेवढा हलका वाटला नाही. हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

“बरं. घेतो ह्योच. कमरंनं सांगितलं, तवा ऐकावंच लागंल. पण ह्यो रिकामा दांडा किती दिवस हालवू? वजन कधी वाढवायचं, एवढं तरी सांगा.”

“दमानं वाढवायचं.”

“ते ठावं हाय. पण कळायचं कसं? आज वाढवायला झालंय, का अजून न्हाई, हे कशावरनं वळखायचं?”

वस्ताद कठड्यावरून उठले. हौदात उतरले. नुकत्याच उकरलेल्या मातीत सावकाश बसले आणि मग पाठ टेकून उताणे आडवे झाले. उजवा हात त्यांनी सैल सोडून दिला. उजवा पायही.

“उचल.”

जोतीराम बघत राहिला. ह्या तालमीत वस्तादांची पाठ मातीला लागलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

“वस्ताद, ह्ये काय...”

“उचल म्हणतोय न्हवं.”

त्यानं दांडा ठेवला. हौदात उतरला. वस्तादांच्या अंगावर वाकून दोन्ही बगलांत हात घातले. म्हातारा हाडापेरानं मोठा नव्हता, पण सैल पडलेलं अंग कुठूनच धरता येत नव्हतं. एकीकडून धरावं तर दुसरीकडून निसटत होतं. कमरेत पुन्हा कळ आली. जोतीरामनं श्वास कोंडला. दात आवळले. मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळाची कातडी गोळा झाली.

वस्तादांची पाठ मातीवरून वीतभर सुटली. मग हातभर.

आता दोघांची तोंडं समोरासमोर होती. जोतीराम वर, वस्ताद खाली. वस्तादांनी डोळे मिटले नव्हते. ते जोतीरामच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

“कुणावर चिडलायस?”

जोतीराम तसाच थांबला. हातात अर्धा उचललेला म्हातारा.

“चिडलो न्हाई, वस्ताद. जोर लावतोय.”

वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

“खालनं दोन्ही सारखंच दिसतंय.”