दूध लाजलं त्याची गोष्ट

आज खरवस नाही. उद्याही नाही. तोंडं वाकडी करून काही होणार नाही. पांघरूण घ्या आणि का नाही ते ऐका.

एक होता गवळी. नाव कुशाबा. डोंगराच्या पायथ्याला त्याचं घर, आणि घरापेक्षा मोठा गोठा. कुशाबाच्या दुधात कधी पाण्याचा थेंब नसायचा आणि कुशाबाच्या तोंडात कधी 'चुकलो' हा शब्द नसायचा. एकदा तो उंबऱ्याला ठेचकाळला, तर त्यानं उंबराच तासून घेतला. असा माणूस.

त्याच्याकडे एक गाय होती, पवळी. पोवळ्यासारखी तांबूस. त्या काळी गाई बोलायच्या, बरं का. तुमच्यासारखी बडबड नाही. गरजेपुरतं. पाणी संपलं, माशा झाल्या, आभाळ भरून आलंय, एवढंच.

एकदा काय झालं, त्या मुलखाचा राजा मोठ्या दुखण्यातून उठला आणि त्याच्या तोंडाची चव गेली. पुरणपोळी मातीसारखी लागे, शेवया सुतळीसारख्या. राजा वाळून काटकी झाला. वैद्य म्हणाला, जिभेला ओळखीचं काही उपयोगाचं नाही. कधी कोणी खाल्लं नाही असं गोड द्या. मग दवंडी पिटली. जो असं गोड आणील त्याला जरीचं पागोटं आणि दरबारात बैठक.

गावचा गणबा हलवाई गेला. गाडीच्या चाकाएवढा लाडू घेऊन गेला. राजा म्हणाला, "हा खाल्लाय. तेव्हा लहान होता."

गणबा लाडू घेऊन परत आला. पारावर माणसं बसली होती, कुशाबाही होता. तो म्हणाला, "काय गणबा, चाक परत आलं का?"

गणबा आधीच पोळलेला. तो म्हणाला, "तू हसू नको. गवळ्यानं दूध घालावं आणि वाटेला लागावं. गोड करायला अक्कल लागते."

सगळा पार हसला. मग कुशाबाचा ताबा सुटला. तो म्हणाला, "तू नुसती साखर ढवळतोस. गोड माझ्या गोठ्यात आहे. तीन दिवसांच्या आत राजाला खाऊ घालीन. नाही घातलं तर मिशी उतरवीन."

बोलून बसला. घरी आला तेव्हा कळलं, की आपल्याला चूलसुद्धा फुंकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पवळी व्याली. कालवड झाली. पांढरीशुभ्र, कपाळावर तांबडा टिळा.

आता रीत काय होती? गाय व्याली की पहिल्या तीन दिवसांचं दूध वासराचं. त्याला चीक म्हणतात. पिवळा आणि दाट. त्यावरच वासरू उभं राहतं. त्याचं पोट भरून उरलं, तर ते डोंगरावर वारुळापाशी ओतून यायचं. माणसानं चाखायचं नाही. कोणी चाखलंच नव्हतं.

कुशाबा कासंडी घेऊन बसला. पहिली धार पडली, पिवळी धमक. आणि त्याच्या डोक्यात आलं, कोणी न खाल्लेलं ते हेच की! मग तो उठला आणि त्यानं कालवडीला दावं लावून लांबच्या खुंट्याला बांधलं.

पवळी म्हणाली, "कुशाबा, वासराला ठेव."

कुशाबा म्हणाला, "उद्या ठेवतो."

आणि सगळा चीक काढून घेतला.

घरात त्याची बायको ठकूबाई भाकरी थापत होती. कुशाबा म्हणाला, "ठके, गूळ दे."

"कालवडीला?"

"मला."

"अहो, ती दाव्याला ओढ घेतेय, आणि तुम्ही चीक चुलीपाशी आणलाय? आज काय अंगात आलंय तुमच्या?"

"गूळ दे म्हटलं ना."

ठकूबाईनं गूळ दिला. दिला म्हणजे आपटला. कुशाबानं तो चिकात विरघळवला, जायफळ किसून घातलं, आणि खाली लागू नये म्हणून पातेलं उकळत्या पाण्याच्या हंड्यात ठेवलं. वर झाकण. थोड्या वेळानं झाकण काढतो तर काय! दूध घट्ट झालेलं. हलवलं तर थरथरतं, पण सांडत नाही. कापलं तर वडी निघते. आत बारीक जाळी.

दूध का थिजलं, ते कुशाबाला कळलं नाही. तुम्हाला सांगतो. ते निघालं होतं वासराच्या पोटात जायला. बघतं तर चुलीवर. मग ते लाजलं. माणूस लाजला की जागच्या जागी थिजतो, तसं थिजलं.

कुशाबा पातेलं घेऊन दरबारात गेला. राजानं एक वडी तोंडात घातली. मग दुसरी घातली. मग राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला काय म्हणतात?"

"खरवस." तोंडाला आलं ते कुशाबानं सांगितलं.

"केलास कसा?"

इथं खरं सांगायचं होतं. कुशाबा म्हणाला, "हाताचा गुण, महाराज."

राजानं त्याला जरीचं पागोटं बांधलं आणि म्हणाला, "उद्या पुन्हा आण. राणीलाही हवा."

कुशाबा गावात आला तो पारावरूनच आला. गणबाच्या दुकानावरून दोनदा गेला. मग घरी गेला. गोठ्याचं दार ठेंगणं होतं, पागोटं चौकटीला अडकलं. पागोटं उतरवायला नको म्हणून तो आत गेलाच नाही. कालवड कशी आहे, ते त्यानं बघितलं नाही. बघायला नको म्हणूनही गेला नसेल. कासंडी मात्र दारातूनच आत दिली आणि ठकूबाईला सांगितलं, संध्याकाळची धारही काढून ठेव. ठकूबाईनं कासंडी घेतली नाही. "तुमचं काम तुम्ही करा," म्हणाली. मग पागोटं खुंटीला अडकवून ते काम त्यानं कालवडीकडे न बघता उरकलं.

ठकूबाईनं कालवडीला तांदळाची पेज पाजली. कालवडीनं ती ओकून टाकली.

दुसरा दिवस उजाडला. पवळी म्हणाली, "कुशाबा, वासराला ठेव. पाय लटपटतात तिचे."

"उद्या. राजाला शब्द दिलाय."

"मलाही दिला होतास. काल."

कुशाबा धार काढत राहिला. त्या दिवशी खरवस झाला, पण जरा सैल झाला. राजानं खाल्ला, राणीनं खाल्ला. राजाच्या गालांवर रंग आला. त्यानं कुशाबाला दरबारात बैठक दिली, जवळ बसवलं आणि विचारलं, "गाय गुणाची दिसते तुझी. वासरू कसं आहे?"

"मजेत आहे," कुशाबा म्हणाला.

बैठक मऊ होती. पण त्याला नीट बसता येईना. सारखं काहीतरी टोचत होतं. त्यानं हात घालून बघितलं, खाली काही नव्हतं.

राजा म्हणाला, "उद्या सारा दरबार जेवायला आहे. मोठं पातेलं आण."

तिसरा दिवस. कुशाबा कासंडी घेऊन गोठ्यात गेला. कालवड ओढ घेत नव्हती. दावं सैल पडलं होतं आणि ती जमिनीला मान टेकून पडली होती. कुशाबानं तिकडे पाठ केली. पवळीजवळ बसला आणि थांबला. 'उद्या' हा शब्द त्यानं जिभेवर तयार ठेवला होता.

पवळी बोललीच नाही.

तिनं लाथ मारली नाही, पान्हा चोरला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत सगळं काढू दिलं. तिनं लाथ मारली असती तर बरं झालं असतं, असं कुशाबाला वाटलं. पण त्यानं पातेलं भरलं.

त्या दिवशी दूध थिजेना. त्यानं जाळ वाढवला, गूळ वाढवला. थिजेना. वेळ झाली होती. वाटेत थिजेल, असं मनाशी म्हणत त्यानं पागोटं चढवलं आणि पातेलं उचललं.

"अहो," ठकूबाई गोठ्याच्या दारातून म्हणाली, "परत याल तेव्हा फावडं घेऊन या. खड्डा तुम्हीच खणा."

कुशाबा तसाच गेला.

दरबार भरला होता. ताटं मांडली होती. हलवायांची रांग बघायला आली होती, त्यात गणबाही होता. कुशाबानं झाकण काढलं. आत नुसतं दूध.

कारण सांगतो. दोन दिवस दूध कुशाबाच्या वाटचं लाजलं होतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणालं, आता तुझं तू लाज.

गणबा मोठ्यानं म्हणाला, "बघा महाराज! गवळी शेवटी दूधच घालून गेला."

सारा दरबार हसला. राजा म्हणाला, "कुशाबा, हे काय?"

कुशाबाजवळ तीन उत्तरं होती. वाटेत हिसका बसला. गूळ खोटा निघाला. बायकोनं झाकण काढलं. तिन्ही चांगली होती. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला पवळीचं ते न बोलणं ऐकू आलं. इतक्या हसण्यातही ऐकू आलं.

तो म्हणाला, "महाराज, हे वासराचं आहे."

राजानं हातातली वाटी खाली ठेवली. "कालचं?"

"तेही."

"परवाचं?"

"तेही."

"वासरू मजेत आहे म्हणालास."

"खोटं बोललो. ते उठत नाही."

आता कोणी हसलं नाही. कुशाबाचे कान तापले. त्याची ताठ मान आयुष्यात पहिल्यांदा वाकली. वाकली ती वर होईना. गणबानंही दुसरीकडे बघितलं. असं बघण्यापेक्षा तो हसला असता तर सोपं गेलं असतं.

कुशाबानं पागोट्याला हात घातला. राजा म्हणाला, "राहू दे ते. आज जरा जड लागू दे." मग हळू आवाजात म्हणाला, "मीही मागून मागून खाल्लं. वासराचं विचारलं, पण उत्तर देताना तुझं तोंड बघितलं नाही. ऊठ. हे दूध उचल आणि पळ."

मग कुशाबा पळाला. जो कधी कोणासाठी भरभर चालला नव्हता तो, जरीचं पागोटं घालून, पातेलं पोटाशी धरून भर बाजारातून पळाला. लोक म्हणाले, "अरे बघा, कुशाबा पळतोय!" पाराजवळ ठेच लागली. अर्धं दूध सांडलं. तो थांबला नाही.

गोठ्याच्या दाराशी आला. पागोटं पुन्हा चौकटीला अडकलं. या वेळी त्यानं ते ओरबाडून काढलं आणि आत गेला.

ठकूबाई कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कालवडीचे डोळे अर्धे मिटलेले. कुशाबानं पागोट्याचा पदर सोडला, पीळ घातला, कोमट दुधात बुडवला आणि तिच्या तोंडात धरला. कालवड चोखेना. दूध जरीवरून ओघळून खाली गेलं. पुन्हा बुडवला. चोखेना.

मग कुशाबा ठकूबाईला म्हणाला, "चुकलो."

ठकूबाईनं त्याच्याकडे बघितलं. एवढ्या संसारात तिनं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मला काय सांगता?"

मग तो कालवडीच्या कानाशी वाकला. "चुकलो गं." कालवडीचा कान हलला.

मग तो पवळीपुढे गेला. उभ्यानं बोलवेना, म्हणून गुडघ्यावर बसला. "पवळे, चुकलो."

पवळीनं त्याच्याकडे बघितलं. बोलली नाही. त्याला ओलांडून कालवडीपाशी गेली आणि तिला चाटू लागली. डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. आणि बरं का, कुशाबानं जी कास पिळून रिकामी केली होती, तिच्यातून दूध ठिबकू लागलं. हात न लावता. पिवळं, दाट, पहिल्या दिवसाच्या चिकासारखं. एक थेंब कालवडीच्या ओठावर पडला. तिनं जीभ बाहेर काढली. मग मान उचलली. मग पुढचे पाय रोवले, आणि थरथरत उभी राहिली. प्याली, ढुशा देऊन देऊन प्याली. तोंडाला फेस येईपर्यंत प्याली आणि आपणच बाजूला झाली.

तरी दूध ठिबकत होतं. कुशाबानं हात लावला नाही. शेवटी ठकूबाईच म्हणाली, "आता उरलंय ते घ्या. पोट भरलंय तिचं." मग त्यानं काढलं, गूळ घातला, पातेलं हंड्यात ठेवलं. खरवस झाला. आता दुधाला लाजायचं काय कारण होतं? काही नव्हतं. पण त्याला सवय लागली होती.

कुशाबानं एक वाटी राजाला धाडली. बाकीचा खरवस घेऊन स्वतः घरोघर गेला. आधी गणबाच्या दारात गेला.

गणबा म्हणाला, "माझ्याकडे? का?"

"माझी मान खाली गेली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तू हसायला हवं होतंस. तू तोंड फिरवलंस," कुशाबा म्हणाला. "घे."

गणबानं वडी खाल्ली. मग भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात गुळाचा खडा ठेवला.

तेव्हापासून ही रीत. आधी वासरू, पोट भरेल तितकं. मग शेजारीपाजारी. मग आपलं घर. खरवस वाटायचा, विकायचा नाही. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही.

राजाची चव परत आली ती आलीच. कालवड मोठी झाली, तिला वासरं झाली. जरीचं पागोटं दुधाच्या डागांचंच राहिलं, आणि कुशाबानं ते गोठ्याच्या खुंटीला टांगलं, रोज दिसावं म्हणून. सगळे सुखात होते.

फक्त पवळी पुन्हा बोलली नाही. कुशाबा म्हातारा झाला तरी रोज सकाळी धारेला बसण्याआधी थोडा थांबायचा. म्हणायचा, "पवळे, बोल की." ती नुसती मान वळवून बघायची. दुसऱ्या गाईही तिचं बघून गप्प झाल्या. अजून गप्प आहेत. धार काढायला बसलं की गाय मागं वळून बघते, ती एवढंच बघते, वासरू मोकळं आहे ना.

आपली गाय आज दुपारी व्यालीय. वासरू पितंय. त्याचं पोट भरून उरलं तर परवा बघू, आणि पहिली वाटी शेजारी जाईल. कोणी कुरकुर करायची नाही.

मिटा डोळे. मी गोठ्याचं दार बघून येतो.